किरायाचे पैसे आणि किरायाची खोली

"सरकारने पैसे दिले, आता यांस आणखी काय पाहिजे?" हा प्रश्न आम्ही अलीकडे इतक्या वेळा ऐकला आहे की, विचारणाराने तोंड उघडण्यापूर्वीच तो आम्हांस ऐकू येऊ लागतो. विचारणारे गृहस्थ बहुधा सुखवस्तू असतात. स्वतःचे घर असते, घराच्या मागील अंगास दोनतीन खोल्या बांधून किरायाने दिलेल्या असतात, आणि आपण जन्मात कोणाचे वाईट केले नाही याविषयी त्यांची पक्की खात्री असते. त्यांस आम्ही दुष्ट समजत नाही. परंतु त्यांच्या या प्रश्नात एक लबाडी दडलेली आहे आणि ती त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलेली नाही. म्हणून ती उघडी करून दाखविणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रश्नाचा रोख आहे तो स्वाधार योजनेकडे. शासकीय वसतिगृहांत जागा थोड्या आणि अर्ज करणारे फार, अशी स्थिती वर्षानुवर्षे चालली होती. तीवर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने 2016-17 या शैक्षणिक वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. अनुसूचित जातीच्या अथवा नवबौद्ध विद्यार्थ्यास वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भोजन, निवास व निर्वाह यांसाठी त्याच्या बँकेतील खात्यात रोख रक्कम जमा करावयाची आणि खोली त्याने स्वतः हिंडून पाहावयाची, अशी ही व्यवस्था. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षास 60,000 रुपये, त्याखालच्या महसूल विभागांच्या शहरी 51,000, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी 43,000, आणि पुढे तालुक्यांची ठिकाणे योजनेत आली तेव्हा त्यांसाठी 38,000, असे दर ठरले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच सुमारास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना निघाली, आणि मागाहून इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त जमातींसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आली. हेतू चांगला होता याविषयी आम्हांस शंका नाही. या पैशांवर पुष्कळ मुले शिकली व शिकत आहेत, हेही आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

तथापि या व्यवस्थेत घडले काय ते नीट पाहिले पाहिजे. वसतिगृह होते तेव्हा दाराची किल्ली शासनाच्या हाती होती. ती किल्ली शासनाने विद्यार्थ्यास दिली असे सर्वांस वाटते. वस्तुतः ती गेली घरमालकाच्या हाती. विद्यार्थ्यास मिळाले ते किल्लीची किंमत भरण्याचे पैसे. किंमत भरूनही दार उघडावयाचे की नाही हे ठरविणारा मनुष्य निराळाच आहे. त्यास शासनाने काही विचारले नाही, काही सांगितले नाही, आणि त्याच्यावर कसले बंधनही घातले नाही.

आमचे ढाणकी हे उमरखेड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कापूस, सोयाबीन आणि हळद यांवर त्याचा संसार चालतो. गावात नगरपंचायत आहे, शाळा आहेत. परंतु पुढील शिक्षणास मुलांनी उमरखेड, पुसद किंवा यवतमाळ गाठावे, नाही तर पैनगंगा ओलांडून नांदेडास जावे, हाच परिपाठ आहे. पूर्वी ही नदी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांमधील सीमा होती. आता ती सीमा राहिली नाही. आमची मुले सकाळच्या एस.टी.ने ती सहज ओलांडतात. ज्या सीमा त्यांस ओलांडता येत नाहीत त्या नदीच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही आहेत.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या गावच्या अशाच एका विद्यार्थ्याबरोबर खोली पाहण्यास जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. शहराचे नाव आम्ही लिहीत नाही. कारण दुसरे शहर असते तरी हकीकत बदलली नसती. मुलगा हुशार, बोलण्यात नम्र, कपडे स्वच्छ. एका दारावर 'खोली किरायाने देणे आहे' अशी पाटी होती. घरच्या बाईंनी अगत्याने पाणी दिले, खोली दाखविली, नळाची वेळ सांगितली, रात्री दहानंतर दिवा जाळू नये म्हणून बजावले. सर्व ठरल्यासारखे झाले. मग त्यांनी विचारले, "कोणत्या गावचा रे बाबू तू?"

"ढाणकीचा, काकू."

"ढाणकीत कोणापैकी?"

मुलाने आडनाव सांगितले. बाई क्षणभर थांबल्या. आणि मग त्यांस आठवण झाली की, ही खोली भाच्यासाठी ठेवावयाची आहे. त्याचे अजून नक्की नाही, पण यजमानांस विचारावे लागेल. फोन नंबर ठेवून जा. नंबर ठेवला. फोन आला नाही. पाटी पुढे पंधरा दिवस तशीच होती. आम्ही मुद्दाम त्या रस्त्याने दोनदा गेलो. त्या दिवशी आम्ही सात घरे पाहिली आणि त्यांपैकी चार घरांत भाचा निघाला. या देशात जन्ममृत्यूची नोंद ठेवणारांनी एकदा खोल्यांच्या हंगामात जन्मास येणाऱ्या भाच्यांचीही नोंद घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

येथे कोणी म्हणेल, चार घरांवरून सगळ्या समाजास नावे ठेवणे हा अन्याय होय. बरोबर आहे. म्हणूनच आम्ही वाचकांस एका अभ्यासाची आठवण देतो. आमच्या वऱ्हाडातलेच अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व त्यांचे सहकारी यांनी दिल्ली व तिच्या भोवतालची शहरे येथे किरायाच्या घरांची परीक्षा केली आणि ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. परीक्षेची रीत साधी होती: घर तेच, विचारणा तीच, फक्त विचारणाराचे नाव निराळे. उच्चवर्णीय नावास घरे मिळत गेली, दलित नावास त्याहून कमी मिळाली, आणि मुसलमान नावास सर्वांत कमी. ज्या दलितांस होकार मिळाला त्यांतील कित्येकांसही तो अधिक किराया किंवा जाचक अटी यांसह मिळाला. राजधानीच्या अंगणात ही दशा, तर जिल्ह्याच्या गावी ती निराळी असेल असे मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तिच्याकडे वळतो. नावावरून जात ओळखून नकार देणे हे जुने आहे, आणि त्यातून निसटण्याच्या युक्त्याही जुन्या आहेत. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. असे आडनाव ज्याच्या वाट्यास आले तो गप्प राहतो आणि वर्ष काढतो. हे चांगले नव्हे. परंतु ज्याच्यापुढे परीक्षा आहे त्याने आधी अभ्यास करावा की आधी घरमालकाचा उद्धार करावा, हे त्याचे त्याने ठरवावे. अशा मुलास स्वाधार योजना काय करते? ती त्यास सांगते: तू जेथे राहतोस त्याचा पुरावा आण, खोलीचे करारपत्र आण. करारपत्र कशास पाहिजे म्हणून घरमालक विचारणारच. आणि स्वाधार हा शब्द उच्चारला की झाकलेली मूठ उघडली. शासनाने मदतीचा जो कागद मुलाच्या हाती दिला, तोच त्याच्या जातीचा दाखला होऊन घरमालकापुढे उभा राहिला. पैसे न घेता राहावे तर खोली टिकते, पण किराया कोठून द्यावा? पैसे मागावे तर किरायाची सोय होते, पण खोली जाते. नाव स्वाधार, आणि आधार सगळा दुसऱ्याच्या मर्जीचा! आमच्या बायका अशाच प्रसंगी म्हणतात, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे त्यांचाच अनुभव येथे आठवतो. भीमराव आंबेडकर यांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. ते 1913 मध्ये अमेरिकेस गेले, शिकले, आणि शिष्यवृत्तीच्या करारास अनुसरून 1917 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. म्हणजे राजाचा पैसा होता, राजाची नोकरी होती, विद्या तर त्या काळी राज्यात क्वचितच कोणापाशी असेल अशी होती. नव्हती ती राहण्यास जागा. हिंदूंच्या खानावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन जागा मिळविली. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळच्या आत चालते होण्याचा हुकूम झाला. एक मित्र हिंदू होता. त्यास घरचे नोकर निघून जातील ही धास्ती. दुसरा ख्रिस्ती होता. त्यास पत्नीचे मत विचारावयाचे होते. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज दिवाणांच्या कचेरीकडे पडलेलाच होता. शेवटी शहरातल्या सार्वजनिक बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या हकीकतीत सर्वांचे लक्ष पारश्यांच्या काठ्यांकडे जाते, आणि ते साहजिक आहे. आमचे लक्ष जाते ते त्या बंगल्याच्या अर्जाकडे. काठ्या एक दिवस आल्या. अर्ज मात्र अकराही दिवस या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. सयाजीरावांसारखा उदार राजा शिष्यवृत्ती देऊ शकला, नोकरी देऊ शकला. परंतु छप्पर देण्याचे काम कचेरीवर पडले आणि कचेरीने ते लोकांच्या मर्जीवर सोडून दिले. आज शंभराहून अधिक वर्षांनी त्याच पुरुषाच्या नावे योजना काढून आम्ही तीच चूक, अधिक पैसे खर्च करून, पुन्हा करीत आहोत.

घरमालकांचे म्हणणे ऐकून न घेता त्यांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस आवडत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे तेथे तो आम्ही कबूल करू. ते म्हणतात, योजनेचे पैसे वेळेवर येत नाहीत. खरे आहे. हप्ता वर्ष सरत आल्यावर पडतो, कधी वर्ष उलटल्यावरही पडतो, ही तक्रार विद्यार्थी स्वतःच करतात. विधवा बाई मागच्या दोन खोल्यांच्या किरायावर घर चालवीत असेल तर तिने बारा महिने कशाच्या भरवशावर थांबावे? ते म्हणतात, करारपत्र केले की भाडेकरू घर बळकावतो. या भीतीसही इतिहास आहे. जुन्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यांखाली पिढ्यान् पिढ्या घरे अडकून पडली, आणि ती गोष्ट घरमालकांच्या घराण्यांत अजून सांगितली जाते. करारपत्राने उत्पन्न उघडे पडते, हे तिसरे कारण ते मोठ्याने सांगत नाहीत, म्हणून आम्हीही ते हळूच सांगून पुढे जातो.

या सर्व कारणांस उत्तरे आहेत. परंतु त्यांतील एकाही कारणाने आडनाव विचारण्याची गरज सिद्ध होत नाही, एवढे वाचकांनी ध्यानात धरावे. पैसे उशिरा येतात म्हणून आगाऊ रक्कम मागा. हमी म्हणून ओळखीचा मनुष्य मागा. महाविद्यालयाचा दाखला मागा. "कोणापैकी?" या प्रश्नाच्या उत्तराने किराया वेळेवर येईल की नाही हे कसे कळते, ते आम्हांस कोणी समजावून सांगावे. उमरखेड तालुक्यातल्या कोणत्याही किराणा दुकानदारास विचारा. उधारी कोण बुडवितो हे तो अचूक सांगेल, आणि त्यात त्यास जात आडवी आलेली दिसणार नाही. करारपत्राची भीतीही अशीच पोकळ आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 55 व्या कलमाप्रमाणे करार लेखी व नोंदणी केलेला असला पाहिजे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते. म्हणजे जेथे हा कायदा लागू आहे तेथे कागद न करणारा घरमालक स्वतःचे रक्षण करीत नसून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत आहे!

राहिले शेवटचे आणि खरे कारण: घर माझे आहे, मी कोणास ठेवावे हे मी ठरवीन. या वाक्यापुढे आमचे पुष्कळ सुधारकही मान तुकवितात, कारण त्यास स्वातंत्र्याचा वास येतो. ज्या घरात आपण जेवतो, निजतो, देवपूजा करतो, त्या घरात कोणास घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु दारावर पाटी लावून ज्या खोलीची किंमत सांगितली, ती खोली त्या क्षणी घर राहिली नाही. ते दुकान झाले. दुकानाच्या पायरीवर जात विचारण्याचा हक्क या देशाच्या संविधानाने काढून घेतला आहे. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांची नावे आहेत आणि किरायाच्या खोलीचे नाव नाही, असा आक्षेप कोणी वकील घेईल. त्याने 1955 चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम उघडावा. त्याच्या 4 थ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा म्हणून सांगितला आहे. इतकेच नव्हे तर 12 व्या कलमाने असे गृहीत धरावयास सांगितले आहे की, अनुसूचित जातीच्या मनुष्याविरुद्ध असे कृत्य झाले तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून झाले, मग उलट सिद्ध करणे आरोपीचे काम. कायद्याने एवढे शस्त्र हाती दिले. आणि ते बोथट केले कोणी, तर त्या भाच्याने! नकाराचे कारण कोणी उच्चारीतच नाही, आणि सतरा वर्षांचा मुलगा शाळेची पिशवी खांद्यावर टाकून पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

घर माझे या मंत्राचा जप करणारांस आम्ही आमच्याच प्रांताची एक जुनी गोष्ट सांगू इच्छितो. तिची आठवण आता वृद्ध वकिलांसच राहिली असेल. मध्यप्रांत-वऱ्हाडात 1949 मध्ये घरे किरायाने देणे व भाडे नियंत्रण यांविषयी एक हुकूम निघाला. तो ज्या शहरांस लागू होता तेथे घर रिकामे झाले की घरमालकाने ती गोष्ट जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास कळवावी, आणि अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत ते घर सरकारी नोकरास, निर्वासितास किंवा घरातून काढल्या गेलेल्या मनुष्यास देण्याचा आदेश द्यावा, अशी त्यात तजवीज होती. हा हुकूम 1999 च्या अधिनियमाने जुने कायदे मोडीत काढीपर्यंत विदर्भात जिवंत होता. म्हणजे अर्धे शतक आमच्या घरमालकांनी सरकारने सांगितलेला भाडेकरू ठेवला, आणि त्यामुळे कोणाचे देव बाटल्याचे ऐकिवात नाही. तो हुकूम जसाच्या तसा परत आणावा असे आम्ही म्हणत नाही. त्यात जुलूम होता, आणि लाचेसही पुष्कळ वाट होती. आमचे म्हणणे इतकेच की, तहसीलदार, कारकून, शिक्षक यांस छप्पर मिळावे म्हणून शासनाने खासगी घरावर हात टाकताना संकोच केला नाही. विद्यार्थ्याची पाळी आली तेव्हा मात्र त्यास मालकी हक्काचे पावित्र्य आठवले.

हा रोग आमचाच नव्हे, म्हणून परदेशाकडेही दृष्टी टाकू. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने गरीब कुटुंबांस घरभाड्याची चिठ्ठी देण्याची पद्धत सुरू झाली. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग भाड्यास द्यावा आणि उरलेले सरकारने थेट घरमालकास द्यावे, असा तिचा मासला आहे. घरमालक तेथेही नाही म्हणतात; कारणे सांगतात तीच: कागदपत्रे फार, तपासणीचा त्रास, सरकारी दिरंगाई. आणि कारणांमागे उभे असते तेही ओळखीचे, फक्त तेथे त्याचे नाव वर्ण असे आहे. पाच शहरांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. फोर्ट वर्थ येथे शंभरात 78 घरमालकांनी चिठ्ठी नाकारली, लॉस एंजेलिस येथे 76 जणांनी. या दोन्ही ठिकाणी त्या वेळी नकार देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ज्या वॉशिंग्टनमध्ये चिठ्ठी पाहून नकार देणे बेकायदा आहे तेथे नकार शंभरात 15, नेवार्क येथे 31. परंतु फिलाडेल्फिया येथेही तसाच कायदा असून 67 नकार आले, हे आमच्या कायदेभक्त मित्रांनी विसरू नये. कायदा पुस्तकात ठेवला तर काय होते आणि त्यामागे मनुष्य उभा केला तर काय होते, यातील अंतर या आकड्यांवरून बरेचसे कळते.

मग करावे काय? वसतिगृहे बांधा, हे आमचे पहिले म्हणणे आहे. आणि वसतिगृहाऐवजी पैसे दिले की कर्तव्य संपले ही जी समजूत कचेऱ्यांत रुजत चालली आहे, तिचा आम्ही निषेध करतो. परंतु वसतिगृह आज मागितले तर ते उभे राहण्यास किती वर्षे लागतात हे आम्ही जाणतो, आणि मुलाचा प्रवेश याच जून महिन्यात आहे. तेव्हा तोपर्यंत शासनाने एवढे तरी करावे की खोली शोधण्याचे ओझे मुलाच्या खांद्यावरून काढून आपल्या अंगावर घ्यावे. ज्या घरमालकांस खोल्या द्यावयाच्या आहेत त्यांची यादी महाविद्यालयाने ठेवावी. वर्षाचा किराया कचेरीने आगाऊ थेट घरमालकाच्या खात्यात भरावा, म्हणजे त्या विधवा बाईची तक्रार खरी असेल तर मिटेल आणि खोटी असेल तर उघडी पडेल. करार घरमालक व महाविद्यालय यांमध्ये व्हावा. त्यात योजनेचे नाव नको आणि मुलाच्या जातीचा उल्लेखही नको. अशा यादीतील घराने एकास नाही म्हटले तर त्याचे नाव यादीतून जावे. यात नवा कायदा लागत नाही. लागते ती थोडी लाज आणि एक कारकून.

निवासाचा आकडाही जाता जाता पाहण्याजोगा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या 38,000 रुपयांत निवासाचे म्हणून वर्षास 10,000 धरले आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी 12,000, आणि पुण्यामुंबईस 20,000. म्हणजे उमरखेड किंवा पुसद येथे महिन्यास आठशे-साडेआठशे रुपये, यवतमाळास हजार. या भावात स्वतंत्र खोली कोणी देत नाही, हे दर ठरविणारांस ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? चार मुलांनी मिळून एक खोली घ्यावी तेव्हा हिशेब जुळतो. आणि चार मुलांनी मिळून खोली घ्यावयाची म्हणजे नकाराची चार कारणे एका दारी उभी करावयाची! त्यातून शेवटी जे घडते ते सर्वत्र सारखेच आहे. गावाच्या कडेस जी वस्ती तिच्या नावावरूनच ओळखू येते, तेथे ही मुले एकवटतात. तेथील लोक स्वतः गरीब. पत्र्याच्या दोन खोल्यांतील एक ते मुलांस देतात, कधी किराया पुढे ढकलतात, सणास जेवावयास बोलावतात. शासनाने शहरात मिसळावे म्हणून दिलेला पैसा मुलास परत वेशीबाहेर नेऊन सोडतो. आणि मग आमचे सुखवस्तू गृहस्थ म्हणतात, ही मुले आपापल्यांतच राहतात, मिसळत नाहीत.

ज्या मुलाची हकीकत वर दिली त्याने अखेर अशाच एका वस्तीत दोघा सोबत्यांबरोबर जागा मिळविली. महाविद्यालय तेथून दूर आहे. तो पायी जातो. घरमालक मजुरी करणारा असून भला आहे, परंतु जागा त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर, आणि थोरला भाऊ कामासाठी पुण्यास असतो; तेव्हा करारपत्रावर सही कोणाची घ्यावी, हा प्रश्न उभा राहिला. मुलाने किरायाच्या पावत्या जोडून अर्ज पाठविला होता. गेल्या आठवड्यात तो भेटला तेव्हा अर्ज त्रुटीत निघाल्याचा निरोप त्याच्या मोबाईलवर आलेला त्याने आम्हांस दाखविला. भाडे करारपत्र जोडलेले नाही, एवढेच त्यात लिहिले होते. थोरल्या भावास गाठण्यासाठी त्याने पुण्याच्या गाडीची चौकशी चालविली आहे. जाण्यायेण्याच्या भाड्यास जे पैसे लागतील ते त्याने दोघा सोबत्यांकडून उसने घेतले आहेत.